सुडाचा हिशेब

आपल्या मंडळाच्या मागील मासिक सभेस जे सभासद उपस्थित होते त्यांना पुढील प्रसंग आठवत असेल. जे नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्यातील एका तरुण शल्यचिकित्सकाच्या नर्सिंग होममध्ये, आतडे फुटून तीन दिवस उलटलेला एक रुग्ण मध्यरात्री आणला गेला. शस्त्रक्रिया झाली, परंतु पहाटे तो गेला. त्यानंतर नातेवाइकांनी जे केले ते आपल्या व्यवसायात आता नित्याचे झाले आहे. काचा फुटल्या, मॉनिटर फुटले, आणि रात्रपाळीच्या सिस्टरच्या कानशिलात कोणीतरी मारली. ती मुलगी पंधरा दिवस कामावर आली नाही. पोलिसांत तक्रार झाली. हे सारे सांगून झाल्यावर त्या तरुण डॉक्टरांनी एक ठराव मांडला: मारहाण करणाऱ्या त्या कुटुंबातील कोणालाही, लहानथोर कोणीही असो, आपल्या मंडळाच्या एकाही सभासदाने यापुढे तपासू नये. नावांची यादी सर्वांना धाडली जावी.

टाळ्या झाल्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण बोललेही नाही. ‘‘मॅडम, तुम्ही सगळ्यांत ज्येष्ठ, तुमचे मत?’’ असे त्यांनी विचारले, तेव्हा मी वेळ झाल्याचे सांगून उठले. अध्यक्षांनी ठराव पुढील सभेवर ढकलला. जे त्या दिवशी सांगायला हवे होते ते आता स्मरणिकेच्या पानांवर सांगते आहे. संपादकांनी प्रसूतिशास्त्रावरील लेख मागितला होता, त्याबद्दल त्यांची क्षमा मागते.

प्रथम हे स्पष्ट करते की ज्याच्यावर अन्याय झाला त्याने रागावू नये, असे सांगणाऱ्यांपैकी मी नाही. आपल्याकडे क्षमेचे गोडवे फार गायिले जातात, आणि ते बहुधा ज्यांचे काही गेलेले नसते त्यांच्याकडून. महाभारतातील वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराला प्रल्हाद आणि बळी यांचा संवाद ऐकवते. प्रल्हादाचे सांगणे असे की नेहमी उग्र असणेही श्रेयस्कर नाही आणि नेहमी क्षमा करणेही नाही. सदैव क्षमा करणाऱ्याला त्याचे नोकरही जुमानत नाहीत. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’त क्षमाधर्माला अपवाद कोणते याची चर्चा करताना याच संवादाचा आधार घेतला आहे. पुढे १९२० च्या आरंभी टिळक आणि गांधीजी यांच्यात ‘यंग इंडिया’च्या पानांवर जो वाद झाला तोही याच प्रश्नावरचा. क्रोध अक्रोधाने जिंकावा ही बुद्धाची शिकवण की जो जसा येईल त्याला तसे सामोरे जावे हा कृष्णाचा मार्ग? टिळकांनी व्यवहारात कृष्णाच्या बाजूने कौल दिला. मराठी माणसाचे मन, कबूल करो वा न करो, बहुतांशी टिळकांच्याच बाजूचे असते. माझेही आहे.

परंतु द्रौपदीची तीच कथा पुढे कोठे जाऊन पोहोचते हे आपण सहसा सांगत नाही. द्रोणाचार्यांना शस्त्र खाली ठेवायला लावून मारले गेले, हा अन्यायच होता. त्यांच्या मुलाचा संताप खोटा नव्हता. त्या संतापात अश्वत्थामा रात्री पांडवांच्या शिबिरात शिरला. पाच पांडव त्या रात्री तेथे नव्हतेच. मारले गेले ते धृष्टद्युम्नाबरोबर द्रौपदीचे झोपलेले पाच मुलगे. कपाळावरच्या न भरणाऱ्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा आपण सर्वांनी लहानपणी आजीकडून ऐकलेला आहे. जखम का भरत नाही, हे मात्र मी आजीला कधी विचारले नाही.

असो. पुराणातून आपल्या शहरात येते.

२७ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री शमशाबादजवळच्या तोंडुपल्ली टोलनाक्यापाशी आपल्याच पेशाची एक मुलगी, पशुवैद्य, पंक्चर झालेल्या स्कूटरपाशी अडकली. दुसऱ्या दिवशी सकाळी शादनगरजवळच्या चटणपल्लीच्या पुलाखाली तिचा जळालेला देह सापडला. ते दिवस ज्यांनी या शहरात काढले त्यांना मी काय सांगावे? माझ्याकडे रात्रपाळी करणाऱ्या निवासी डॉक्टर मुलींना घ्यायला त्यांचे वडील येऊ लागले. मी स्वतः चाळीस वर्षे रात्री-अपरात्री बाळंतपणासाठी एकटी गाडी चालवत गेलेली बाई. त्या आठवड्यात मलाही ड्रायव्हर लागला. चार संशयितांना अटक झाली. आणि ६ डिसेंबरच्या पहाटे, घटना घडली त्याच परिसरात, पोलिसांच्या गोळ्यांनी ते चौघेही मेले.

सकाळी मी लेबर रूममधून बाहेर आले तेव्हा ड्यूटी रूममध्ये पेढे वाटले जात होते. दूरचित्रवाणीवर लोक पोलिसांवर फुलांच्या पाकळ्या उधळत होते. मी पेढा घेतला आणि खाल्लाही. खोटे कशाला सांगू, मला बरे वाटले. २०१२ च्या दिल्लीच्या प्रकरणातील गुन्हेगार तेव्हा सात वर्षांनंतरही फाशीची वाट पाहत होते. ती फाशी २० मार्च २०२० ला झाली. वरंगळमध्ये २००८ च्या डिसेंबरात अभियांत्रिकीच्या दोन विद्यार्थिनींवर ॲसिड फेकले गेले, तेव्हाही तीन संशयित असेच चकमकीत मेले होते आणि तेव्हाही लोकांनी आनंद केला होता. न्यायालये वेळ लावतात, म्हणून कोणीतरी लवकर काम उरकले, एवढाच आमचा ड्यूटी रूममधला युक्तिवाद होता. आमच्या बालरोगतज्ज्ञ सहकारी बाई तेवढ्या गप्प होत्या. त्यांना कोणी विचारले, ‘‘तुमची मुलगी असती तर?’’ त्या म्हणाल्या, ‘‘माझी मुलगी असती तर मी स्वतःच त्यांना मारले असते. म्हणून तर ते काम माझ्याकडे देत नाहीत.’’ तेव्हा ते उत्तर मला थंड वाटले होते.

दुसऱ्याच दिवशी, ७ डिसेंबरला, जोधपूर येथे राजस्थान उच्च न्यायालयाच्या नव्या इमारतीच्या समारंभात तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी सांगितले की न्याय तत्काळ होऊ शकत नाही, आणि न्यायाने सुडाचे रूप घेतले की त्याचे न्यायपण नाहीसे होते. बोबडे नागपूरचे. पाच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने जो चौकशी आयोग नेमला त्याचे अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर; तेही विदर्भातले. सोबत मुंबई उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्ती रेखा बलदोटा आणि सीबीआयचे माजी संचालक कार्तिकेयन. मृतदेह गांधी रुग्णालयाच्या शवागारात ठेवलेले होते आणि उच्च न्यायालयाच्या आदेशाने दिल्लीच्या एम्सच्या न्यायवैद्यकतज्ज्ञांनी २३ डिसेंबरला दुसऱ्यांदा शवविच्छेदन केले. म्हणजे लोकांच्या दृष्टीने हिशेब पुरा झालेला असताना, आपल्या व्यवसायातील काही माणसे ते चार देह पुन्हा मेजावर घेऊन गोळी कोठून शिरली आणि कोठून बाहेर पडली हे मोजत होती. मला त्या सहव्यावसायिकांचे फार कौतुक वाटते.

आयोगाचा अहवाल २०२२ च्या जानेवारीत सादर झाला आणि २० मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो खुला केला. आरोपींनी पिस्तुले हिसकावून गोळीबार केला हा पोलिसांचा दावा आयोगाने विश्वासार्ह मानला नाही. ठार मारण्याच्या हेतूनेच जाणूनबुजून गोळ्या झाडल्या गेल्या असा निष्कर्ष काढून, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा अशी शिफारस केली. पुढील प्रकरण तेलंगणाच्या उच्च न्यायालयाकडे गेले. परंतु मला अस्वस्थ केले ते दुसऱ्याच एका निष्कर्षाने. चौघांपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन होते, असे आयोगाने म्हटले होते. ते वाचल्यावर मी मनाशी हिशेब केला: माझ्याकडे जन्मलेली किती मुले त्या वयाची असतील? त्या चौघांनी काय केले आणि कोणी काय केले हे आता कोणत्याही न्यायालयात तपासले जाणार नाही. साक्षीदाराला उलटप्रश्न नाही, पुराव्याची छाननी नाही. त्या मुलीच्या आईवडिलांना त्या रात्रीचे सत्य तपासून कोणी सांगणार होते, तेही चटणपल्लीलाच संपले.

पकडलेला माणूस खरा नसू शकतो, ही केवळ वकिली शंका नव्हे. २००७ च्या डिसेंबरात विजयवाड्याच्या वसतिगृहात औषधनिर्माणशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचा खून झाला. त्या गुन्ह्यात ज्या गरीब तरुणाला जन्मठेप झाली त्याची आठ वर्षांहून अधिक तुरुंगवासानंतर, २०१७ च्या मार्चमध्ये, येथील उच्च न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली. लोकक्षोभ त्याही वेळी प्रचंड होता. २००८ मध्ये कोणी त्याला पहाटे एखाद्या पुलाखाली नेले असते तर आपण पेढेच वाटले असते.

सूड घेताना मनाला सुख होते हे शास्त्रानेही मान्य केले आहे. झ्युरिकच्या संशोधकांनी २००४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखविले की फसवणाऱ्याला शिक्षा देता येते तेव्हा मेंदूतील स्ट्रायटम हा भाग, जो बक्षीस मिळताना उद्दीपित होतो तोच, उद्दीपित होतो. तहानेल्याला पाणी मिळावे तसे. मात्र कार्ल्स्मिथ, विल्सन आणि गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्यांना शिक्षा देण्याची संधी मिळाली ती माणसे ती न मिळालेल्यांपेक्षा अधिक काळ त्याच गोष्टीचा विचार करीत बसली आणि त्यांचे मन अधिक वाईट अवस्थेत राहिले. प्रयोगशाळेतील पैशांच्या खेळावरून आयुष्याचे नियम काढू नयेत हे मला समजते. पण मी ज्यांना जवळून पाहिले त्यांच्याबाबत हे खरे आहे. त्याविषयी पुढे लिहिते.

डॉक्टरांच्या स्मरणिकेत सुडाविषयी लिहायचे आणि चापेकरांचे नाव घ्यायचे नाही, हे शक्य नाही. १८९७ चा पुण्यातील प्लेग आणि रँड यांची कहाणी आपण शाळेपासून देशभक्तीच्या धड्यात वाचतो. मी ती अलीकडे वैद्यकाच्या बाजूने वाचते. प्लेगचा जंतू येर्सिनने १८९४ मध्ये हाँगकाँगला दाखवला होता, परंतु तो उंदरावरच्या पिसवेतून पसरतो हे सिमाँने कराचीत दाखवले ते १८९८ मध्ये. म्हणजे रँडचे सैनिक पुण्याच्या घराघरांत शिरून बायकांची तपासणी करत होते आणि सामान जाळत होते तेव्हा रोग कशाने पसरतो हेच त्यांना ठाऊक नव्हते. अपमान खरा होता, आणि तो साथ-निवारणाच्या नावाखाली, साथरोग कायद्याच्या बळावर केला गेला. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांपैकी एक लागली रँडच्या मागच्या गाडीतील लेफ्टनंट आयर्स्टला, आणि तो जागीच मेला. रँड ३ जुलैला गेला. पुढे खबर देणाऱ्या द्रविड बंधूंना १८९९ मध्ये मारण्यात आले. मग आणखी फाशी. एका घरातील तीन भाऊ आणि त्यांचा मित्र रानडे. (बाळकृष्ण चापेकर काही काळ आपल्याच निजामी मुलखात लपून होता, ही हैदराबादकरांसाठी जाता जाता.) मी चापेकरांना नमस्कार करते आणि आयर्स्टच्या बायकोचाही विचार करते, दोन्ही एकाच मनात राहू शकतात असे वयाने शिकवले.

आणि एक योगायोग पाहा. ज्या १८९७ च्या साथरोग कायद्याखाली रँड पुणेकरांच्या घरात शिरला, त्याच कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती करून डॉक्टर आणि परिचारिकांवर हात टाकणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत, आणि गंभीर इजा असल्यास सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करावी लागली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये आपल्या गांधी रुग्णालयात करोनाचा रुग्ण दगावल्यावर कनिष्ठ डॉक्टरांवर हल्ला झाला आणि ती मुले रस्त्यावर येऊन बसली होती. तेव्हा आपल्यावरचा अन्याय काल्पनिक आहे असे मी मुळीच म्हणत नाही.

आता जे सांगायचे ते सांगते. आजवर मी हे घराबाहेर बोललेले नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, उस्मानाबाद जिल्ह्यातले. आता तो धाराशिव जिल्हा. गावाचे नाव लिहीत नाही, कारण तेथे अजून आमची आणि इतरांची माणसे आहेत. अण्णा उर्दूतून शिकलेले, तहसील कचेरीत अहेलकार. १९४८ च्या उन्हाळ्यात गावावर सशस्त्र टोळी आली. त्या वर्षी मराठवाड्यात आणि बिदरकडे गावोगाव हेच चालले होते. बिदर जिल्ह्यातील गोरट्याला त्याच मे महिन्यात झालेल्या कत्तलीची आठवण तेथील लोक आजही काढतात. आमच्या थोरल्या काकांनी पैसे द्यायला नकार दिला. त्यांना ओसरीवरच गोळी घातली. अण्णा तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. टोळीतला एक मुलगा गावातलाच होता, आमच्या घरी गाद्या भरायला येणाऱ्या पिंजारी चाचांचा पुतण्या.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा निघाल्या, १७ ला निजामाने शरणागती जाहीर केली, १८ ला जनरल एल एद्रूस यांनी जनरल चौधरी यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. पाच दिवसांत सारे संपले असे आपण म्हणतो आणि १७ सप्टेंबरला झेंडावंदन करतो. ते करायलाच हवे. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे सोसले त्याविना मी आज मराठीत हा लेख लिहीत नसते. परंतु त्यापुढील आठवडे आपल्या घरांतून कोणी सांगत नाही.

ते आठवडे सरकारने मात्र लिहून घेतले होते. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांची समिती भारत सरकारने पाठवली आणि तिने १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थानातील सोळापैकी नऊ जिल्हे पाहिले, पाचशेहून अधिक लोकांशी बोलणे केले. त्यांचा अंदाज, आणि तोही अगदी हात राखून केलेला, असा की पोलीस ॲक्शनच्या वेळी व नंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली, त्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चारच जिल्ह्यांत अठरा हजार किंवा त्याहून अधिक. मारले गेलेले मुसलमान होते. रझाकारांच्या अत्याचारांचा सूड, हे कारण समितीने लिहिलेच. आणि सूड ज्यांच्यावर घेतला गेला त्यांपैकी बहुतेकांचा त्या अत्याचारांशी संबंध नव्हता हेही तो अहवाल वाचताना कळते. अहवाल त्या काळी प्रसिद्ध केला गेला नाही. मी तो २०१३ नंतर वाचला, तेव्हा अण्णांना जाऊन पंधरा वर्षे झाली होती.

आमच्या गावी काय झाले ते अण्णांनी मला एकदाच सांगितले, १९९४ मध्ये, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्याला पट्टी होती तेव्हा. फौज येऊन गेल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी संध्याकाळी गावातले दहाबारा जण ओसरीवर आले. ओळखीचेच सगळे. म्हणाले, ‘‘अण्णा, भाऊंचा हिशेब आज पुरा करतो. तुम्ही काही करू नका. फक्त घरात बसा.’’ अण्णांनी हो म्हटले नाही आणि नको असेही म्हटले नाही. आजी आत होती, तिने देवापुढचा दिवा लावला आणि दार लोटून घेतले. पुतण्या तर फौज येण्याआधीच पळून गेलेला होता. तो सापडणार नाही हे सर्वांना ठाऊक होते. पिंजारी चाचा घरात होते.

‘‘मला माहीत होते ते कोठे चालले आहेत,’’ अण्णा म्हणाले. ‘‘मी उठून गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो असतो तर त्यांनी मला ओलांडले नसते. मरण माझ्या भावाचे होते. त्यांनी माझे ऐकले असते.’’

मी विचारले, ‘‘मग का नाही उठलात?’’ पुष्कळ वेळाने ते म्हणाले, ‘‘मला वाटले, होऊ दे.’’

हे दोन शब्द मी तीस वर्षे बाळगून आहे. अण्णा क्रूर नव्हते. आमच्या घरी त्यांनी आवाज चढवलेला मला स्मरत नाही. पुढे त्यांची बदली हैदराबादला झाली, भाषावार प्रांतरचनेनंतरही ते येथेच राहिले, सुलतान बाजाराच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात रोज संध्याकाळी वर्तमानपत्र वाचायला जात, दखनी असे अस्खलित बोलत की चारमिनारजवळचे दुकानदार त्यांना आपलेच समजत. पण काचीगुड्याच्या आमच्या गल्लीत पिंजारी आपल्या धनुष्याची तार छेडत आला की ते चपला घालून बाहेर पडत. आमच्या गाद्या वर्षानुवर्षे न पिंजलेल्या, दगडासारख्या. आई चिडे. आम्हां मुलांना ती अण्णांची एक तऱ्हा वाटे.

त्याच अहवालात एक मजकूर आहे जो मी अण्णांना वाचून दाखवला असता की नाही, मला सांगता येत नाही. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले आणि त्यात स्वतःचे जीवही गमावले. पळवलेल्या मुसलमान स्त्रियांना सोडवण्यासाठी पुष्कळ हिंदूंनी मदत केली. म्हणजे त्याच महिन्यात, तशाच गावांत, गल्लीच्या तोंडाशी उभी राहिलेली माणसे होती. त्यांच्याही घरी त्या उन्हाळ्यात काही ना काही घडलेले असणारच.

आणि ज्याच्या नावाने हे सारे सुरू झाले तो कासिम रझवी? लातुरातील वकील. त्याच्यावर न्यायालयात खटला चालला, शिक्षा झाली, १९५७ मध्ये तो सुटला, पाकिस्तानात गेला आणि १९७० मध्ये कराचीत वारला. त्याच्यासाठी कायदा होता, पिंजाऱ्यासाठी ओसरीवरून उठलेले दहाबारा जण. माझ्या भाच्याने हे ऐकून विचारले, रझवीलाच लोकांनी मारले असते तर तुला चालले असते का? मी प्रामाणिकपणे सांगितले की मला फारसे दुःख झाले नसते. पण सूड घेणाऱ्यांच्या हाती रझवी लागत नाही. पांडव शिबिरात नसतात. हाती लागतो तो जवळचा, दुबळा, घरात बसलेला.

एक तारीख मला अलीकडेच कळली आणि तिने मला हलवले. रुग्ण आणि आपले कर्तव्य यांच्या आड धर्म, राष्ट्र, वंश, पक्ष येऊ देणार नाही, ही जी प्रतिज्ञा जागतिक वैद्यक संघटनेने जिनिव्हात प्रथम संमत केली, ती १९४८ च्या सप्टेंबरमध्ये. त्याच महिन्यात.

आता ठरावाकडे येते. आपल्या २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार आणीबाणीचा प्रसंग वगळता डॉक्टर कोणाला तपासायचे हे ठरवू शकतो. ज्या माणसाने सिस्टरला मारले त्याच्याकडे पुन्हा पाहण्याची इच्छा आपल्या तरुण मित्राला होत नसेल तर मी त्यांना दोष देणार नाही. मलाही झाली नसती. परंतु ठराव त्या माणसाविषयी नाही. तो त्याच्या घराविषयी आहे. त्या घरात एक सून सहा महिन्यांची गरोदर आहे, असे मला कळले आहे. तिने कोणाला मारले? उद्या तिला झटका आला आणि ती माझ्या दाराशी आली, तर यादी पाहून मी काय करायचे? मारणारा माणूस कोण, हे सीसीटीव्हीत दिसते आहे. २००८ चा राज्याचा कायदा आहे. अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे, नुकसानीच्या दुप्पट भरपाईची तरतूद आहे. आपल्याकडच्या तक्रारी बहुधा आपणच पुढे नेत नाही. तडजोड करतो, साक्षीला जात नाही, आणि मग कायदा निरुपयोगी आहे असे म्हणतो. मंडळाने वकील द्यावा, त्या सिस्टरच्या बाजूने प्रत्येक तारखेला आपल्यापैकी दोघांनी न्यायालयात जाऊन बसावे, मग दहा वर्षे लागोत. पहिल्या तारखेला मी जाईन. यादीच्या ठरावाविरुद्ध मात्र मी मत देणार आहे, आणि या वेळी उठून जाणार नाही. माझ्या तरुण मित्रांना हे आवडणार नाही. त्यांच्या दुःखाचा अनादर करण्याचा हेतू नाही, एवढे त्यांनी मानावे.

अण्णा १९९८ मध्ये गेले. त्यांच्या लोखंडी ट्रंकेत कचेरीची जुनी कागदपत्रे, आजीची जपमाळ आणि एका रुमालात बांधलेल्या मनीऑर्डरच्या पावत्या निघाल्या. १९४९ च्या जानेवारीपासून दरमहा आठ रुपये, पुढे दहा, पुढे पंधरा. घेणारी बाई सोलापूरची. आईलाही ते नाव ठाऊक नव्हते, मी ओळखले. अण्णांचा पगार तेव्हा काय असेल हे पाहता ती रक्कम लहान नव्हती. पाठवणाऱ्याच्या जागी त्यांनी प्रत्येक वेळी आमच्या थोरल्या काकांचे नाव लिहिले होते. शेवटची पावती १९६१ च्या ऑगस्टची. तिच्यासोबत परत आलेला फॉर्म होता आणि त्यावर टपालवाल्याचा शेरा: घर सोडून गेले, नवा पत्ता माहीत नाही.